राष्ट्रपतिपदाची निवडणूक : केवळ उपचार?

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दर पाच वर्षांनी आपल्या देशात राष्ट्रपतींची निवडणूक होते आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न कानी येतो. ज्या पदाला स्वतःचा असा अधिकार नाही, त्या पदासाठी एवढा खटाटोप कशासाठी? राज्यकारभार पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ चालविणार. राष्ट्रपतींनी प्रजासत्ताक दिनी मानवंदना स्वीकारावी, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करावे आणि समोर येईल त्या कागदावर सही करावी. आपल्याकडे अशा पदाधिकाऱ्याला गमतीने ‘सह्याजीराव’ म्हणतात. मग सह्याजीराव कोण, याची चिंता कोणी व का करावी?

प्रश्न टाकाऊ नाही. अभ्यासवर्गात तो अनेकदा शिक्षकच विचारतात, कारण नागरिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी तो त्यांना विचारतात. म्हणून आज त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करू. प्रथम आक्षेपाची बाजू पुरती समजून घेऊ.

नामधारी प्रमुख

घटनेच्या ५३ व्या अनुच्छेदाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी निहित केली आहे. परंतु ७४ व्या अनुच्छेदाने ती सत्ता मंत्रिमंडळाच्या साहाय्याने व सल्ल्याने वापरावयाची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. इंग्लंडच्या राज्यपद्धतीत राजाचे जे स्थान, तेच आपल्या राष्ट्रपतींचे. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राष्ट्रावर राज्य करणार नाहीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे घटनेतच लिहिले गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यात एक सवलत आली. राष्ट्रपती तो सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मात्र फेरविचारानंतर तोच सल्ला पुन्हा आला, तर तो मानावाच लागतो.

म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरेचसे खरे आहे. तरीसुद्धा घटनाकारांनी या पदासाठी नेमणुकीचा सोपा मार्ग स्वीकारला नाही, निवडणुकीचा किचकट मार्ग स्वीकारला. त्यामागे काही हेतू असलाच पाहिजे.

मत कोणाचे, किती वजनाचे?

राष्ट्रपतींना निवडणाऱ्या निर्वाचकगणात संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य असतात. दिल्ली व पुदुच्चेरी यांच्या विधानसभांचाही आता त्यात समावेश आहे. नामनिर्देशित सदस्यांना मत नाही, विधान परिषदेच्या सदस्यांनाही नाही. त्यामुळे जिल्हा परिषद सदस्यांच्या मतांवर जे आमदार विधान परिषदेत जातात, त्यांच्यामार्फत आपला आवाज या निवडणुकीत पोहोचत नाही. तो पोहोचतो विधानसभेसाठी आणि लोकसभेसाठी आपण केलेल्या मतदानातून.

आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. त्यासाठी १९७१ च्या जनगणनेचे आकडे धरले जातात. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांवर होती. तिला २८८ आमदारांच्या संख्येने भागून, आलेल्या आकड्याला पुन्हा एक हजाराने भागले की १७५ हे उत्तर येते. आपल्या प्रत्येक आमदाराचे मत १७५ मूल्याचे आणि सबंध विधानसभेचे मिळून ५०,४०० मूल्याचे. उत्तर प्रदेशात एका मताचे मूल्य २०८, गोव्यात २०, तर सिक्कीममध्ये ७. सर्व राज्यांच्या आमदारांची मते मिळून जेवढे मूल्य होते, जवळजवळ तेवढेच वजन संसद सदस्यांच्या एकूण मतांना दिले जाते. २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. ७७६ खासदारांचे मिळून ५,४३,२०० आणि आमदारांचे मिळून ५,४३,२३१, असा तो हिशेब होता.

हा हिशेब वर्गात फळ्यावर अवश्य मांडावा, कारण घटनेचा हेतू त्यातून उघड होतो. राष्ट्रपती एकट्या दिल्लीतील बहुमताचे नसावेत. तराजूच्या एका पारड्यात केंद्र असेल, तर दुसऱ्यात राज्ये असावीत, असा हा तोल आहे.

मग थेट जनतेनेच का निवडू नये?

घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी नेमकी हीच मागणी केली होती. प्रौढ मतदानाने सर्व जनतेने राष्ट्रपती निवडावा, असे त्यांचे मत होते. पंडित नेहरूंनी त्याला विरोध केला. कोट्यवधी लोकांच्या मतांवर निवडून आणावयाचे आणि नंतर प्रत्यक्ष अधिकार काहीच द्यावयाचा नाही, यात विसंगती आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. समितीने नेहरूंचे म्हणणे स्वीकारले. हेच प्रा. शहा १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध उभे राहिले. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि शहांना ९२,८२७ मूल्याची मते मिळाली.

पंचायत सदस्यांना या वादाचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या राज्यात २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून होऊ लागली, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, अशा ग्रामपंचायतीत काय घडते, हे आपण जाणता. सरपंचाला निदान प्रत्यक्ष कारभार पाहावयाचा असतो, म्हणून त्याच्या थेट निवडीच्या बाजूने बोलता येते. दिल्लीत मात्र कारभाराची जबाबदारी लोकसभेला उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाची. तेथे थेट जनतेचा कौल घेऊन आलेला दुसरा धनी बसविला, तर रोजच्या कारभारात खडाजंगीच व्हावयाची.

नेमलेला प्रमुख आणि निवडलेला प्रमुख

मग मंत्रिमंडळानेच राष्ट्रपती का नेमू नये? याचे उत्तर मिळण्यासाठी फार दूर जावयास नको. राज्यपालांचे पद पाहा. तेही राज्याचे नामधारी प्रमुखपद. पण राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळ, करते आणि १५६ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात. राष्ट्रपतींचे तसे नाही. पाच वर्षांची मुदत त्यांना घटनेने दिली आहे. त्यांना दूर करावयाचे, तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमताने महाभियोग संमत व्हावा लागतो. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही. जे मंत्रिमंडळ त्यांना सल्ला देते, त्याच्या हाती त्यांचे आसन नाही.

माझ्या मते निवडणुकीचे खरे महत्त्व येथे आहे. निवडणुकीने राष्ट्रपतींना कारभार मिळत नाही. त्यांना पायाखाली स्वतःची जमीन मिळते. त्या जमिनीवर उभे राहून ते ‘पुन्हा विचार करा’ असे म्हणू शकतात. म्हणतीलच असे नाही. म्हणूनच तेथे कोण उभे आहे, याला महत्त्व येते. हे केवळ तर्काने पटणारे नाही. काही प्रसंग पाहू.

सल्ला देणाराच नसतो तेव्हा

पहिला प्रकार लोकसभेत कोणाचेच बहुमत स्पष्ट नसते तेव्हाचा. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, एवढेच ७५ वा अनुच्छेद सांगतो. प्रथम कोणाला पाचारण करावे, हे तो सांगत नाही. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनविता येते का, हे पाहण्यास सांगितले. ते शक्य झाले नाही. नंतर चौधरी चरणसिंग यांचा शपथविधी झाला, परंतु लोकसभेला सामोरे जाण्यापूर्वीच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. जगजीवनराम यांचा दावा उभा होता. राष्ट्रपतींनी तो स्वीकारला नाही आणि २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. तो निर्णय योग्य होता की नव्हता, यावर आजही दोन मते आहेत. पण तो निर्णय नामधारी म्हणविल्या जाणाऱ्या पदाने घेतला आणि त्याने देश मध्यावधी निवडणुकीला सामोरा गेला, याविषयी दुमत नाही.

१९९६ मध्येही बहुमत कोणालाच नव्हते. डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना निमंत्रण दिले; ते सरकार तेराव्या दिवशी पायउतार झाले. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, तशीच परिस्थिती उद्भवली, तेव्हा के. आर. नारायणन यांनी निमंत्रणापूर्वी वाजपेयींकडे पाठिंब्याची पत्रे मागितली. घटना तीच, अनुच्छेद तोच, नेतेही तेच. रीत मात्र दोन राष्ट्रपतींची दोन प्रकारची. या दोन रीतींतून निवड करणारी व्यक्ती कोणी तरी निवडलेली होती, हे ध्यानात घ्यावे.

सहीपूर्वीचा प्रश्न

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. २५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. त्या वेळेपर्यंत मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. ‘मंत्रिमंडळाचा निर्णय कोठे आहे?’ एवढे विचारण्यास राष्ट्रपतींना घटनेने कोणताही मज्जाव केलेला नव्हता. सही झाली आणि आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालली. त्या एका प्रश्नाने इतिहास बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु देशाने त्यातून धडा घेतला. ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळविणे आवश्यक केले. जो प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही, तो पुढे घटनेनेच विचारून ठेवला.

आता ऑक्टोबर १९९७ पाहा. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करावी, अशी शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळाने केली. तेथील मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी विधानसभेत विश्वासमत जिंकलेले होते. राष्ट्रपती नारायणन यांनी ४४ व्या दुरुस्तीने दिलेला अधिकार वापरून शिफारस फेरविचारासाठी परत पाठविली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये दुसऱ्या सरकारने बिहारविषयी तशीच शिफारस केली. तीही त्यांनी परत पाठविली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यांनी सही केली. परंतु राज्यसभेत संमती मिळण्याजोगे बहुमत नसल्याने पुढच्याच महिन्यात ती राजवट मागे घ्यावी लागली. दोन वेळच्या शिफारशी परस्परविरोधी पक्षांच्या सरकारांच्या होत्या. राष्ट्रपतींची कसोटी दोन्ही वेळा एकच होती.

याच्या उलट मे २००५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम परदेश दौऱ्यावर मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या उद्घोषणेवर त्यांची सही घेण्यात आली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेकडे परत पाठविले. संसदेने ते पुन्हा संमत केले आणि त्यांनी घटनेप्रमाणे त्यास अनुमती दिली. परत पाठविणे म्हणजे अडवणूक नव्हे, हे यावरून दिसून येते. शेवटचा शब्द लोकप्रतिनिधींचाच राहतो. मात्र तो शब्द पुन्हा एकदा, लोकांच्या डोळ्यांदेखत, उच्चारावा लागतो.

निकाल ठरलेलाच असतो ना?

येथे कोणी म्हणेल, हे सारे मान्य. पण निकाल तर पक्षांच्या संख्याबळाने आधीच ठरलेला असतो. बहुतेक वेळा तसे घडले आहे, हे कबूल केले पाहिजे. १९७७ मध्ये तर ३७ अर्जांपैकी ३६ अवैध ठरून संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. तथापि या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाला आपल्या सदस्यांवर पक्षादेश बजावता येत नाही. याचा अर्थ काय होतो, ते १९६९ मध्ये दिसले.

त्या वर्षी डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. सत्तारूढ काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते संजीव रेड्डी, व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले; आणि तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदस्यांना विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. सत्तारूढ पक्षाचा अधिकृत उमेदवार पराभूत झाला आणि त्याच वर्षी तो पक्ष दुभंगला. ज्या निवडणुकीला आपण उपचार म्हणतो, तिने देशाच्या राजकारणाला असे वळण दिले.

शिवाय उमेदवार कोणी दिला, यावरून राष्ट्रपती कसे वागतील, हे सांगता येत नाही. १९८२ मध्ये निवडून आलेले ग्यानी झैलसिंग पक्षनिष्ठ म्हणून ओळखले जात. परंतु टपालातील पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे १९८६ चे विधेयक त्यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. आसन सुरक्षित असले की माणसाला आपल्या शपथेची आठवण ठेवता येते, याचे हे उदाहरण होय. राष्ट्रपतींची शपथ घटनेचे जतन, रक्षण व संरक्षण करण्याची असते, हेही येथे सांगितले पाहिजे.

पराभूत होणाऱ्या उमेदवारीलाही अर्थ असतो. झैलसिंगांच्या विरोधात न्यायमूर्ती एच. आर. खन्ना उभे होते. आणीबाणीत नागरिकाच्या जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येतो की नाही, या १९७६ च्या खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी त्यांनी एकट्याने नागरिकाच्या बाजूने निकालपत्र लिहिले होते. ते हरणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरी त्यांच्या उमेदवारीने राष्ट्रपतींनी काय जपावयाचे असते, हा विषय देशापुढे आला.

आपले काम

२००७ मध्ये जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई पाटील या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०२२ मध्ये निवडून आलेल्या द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. त्यांनी ओडिशातील रायरंगपूर येथे शाळेत अध्यापन केले आणि १९९७ मध्ये तेथील नगर पंचायतीच्या सदस्य म्हणून सार्वजनिक जीवनाला प्रारंभ केला. या सभागृहात शिक्षक आहेत आणि पंचायतीचे सदस्यही आहेत. त्या पदापर्यंतची वाट आपल्याच ओट्यावरून जाते, ही गोष्ट आपल्या गावातील मुलींना सांगण्यासारखी आहे. मात्र एवढ्यावर थांबू नये. प्रतीक म्हणून मोठे असणे आणि वेळ आली असता विचारणे, या दोन्ही अपेक्षा त्या आसनाकडून आहेत.

आपल्याला या निवडणुकीत प्रत्यक्ष मत नाही, हे खरे. पण १७५ मूल्याचे मत देणारा आमदार आपल्या मतदारसंघात येतो, ग्रामसभेत बसतो, शाळेच्या कार्यक्रमाला येतो. त्याला रस्त्याविषयी विचारावे, पाण्याविषयी विचारावे आणि पाच वर्षांतून एकदा हेही विचारावे की, आपण राष्ट्रपतिपदासाठी ज्यांना मत देणार आहात, ते घाईने पुढे आलेला कागद वाचल्याशिवाय सही करणार नाहीत, याचा आपल्याला भरवसा आहे काय? उत्तर पक्षाचे नाव सांगून संपणार असेल, तर प्रश्न पुन्हा विचारावा.

आणि अखेरची गोष्ट आपल्या स्वतःच्या टेबलाविषयी. या सभागृहातील प्रत्येकाची कोठे ना कोठे सही चालते. मासिक सभेच्या कार्यवृत्तावर सरपंचाची, हजेरीपटावर मुख्याध्यापकाची, देयकावर अधिकाऱ्याची. कागद वरून आला आहे, सही करणे भाग आहे, असे आपल्यालाही अनेकदा वाटते. बहुधा ते खरेही असते. तरीसुद्धा सहीपूर्वी ‘ठराव कोठे आहे?’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला असतो आणि तो विचारला की काही कागद आपोआप परत जातात. ज्या देशात गावोगावी हा प्रश्न विचारण्याची सवय असेल, त्या देशाला आपला सर्वोच्च सहीकर्ता निवडणे हा उपचार वाटणार नाही.